प्रोप्रॅनोलॉल आणि रिझाट्रिप्टन : अर्धशिशीवरचा माझा अनुभव

दिवाळीनंतर सुरू केलेल्या गोळ्यांबद्दल आता लिहिते, कारण सोलापूरचा मे महिना त्यांच्यावर निघाला. अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे. डाव्या डोळ्यामागे ठणका, मळमळ, उजेड नको, आवाज नको. आणि नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट दिवसभर.

न्यूरोलॉजिस्टनी दोन वेगळी औषधं दिली. प्रोप्रॅनोलॉल रोज घ्यायची, दुखणं उठूच नये म्हणून. मुळात ही बीपी आणि हृदयाची गोळी. दमा असेल तर देत नाहीत, म्हणून आधी ते विचारलं, नाडी पाहिली. पहिला महिना काहीच फरक नाही! इथेच बरेच जण कंटाळून सोडतात. दोन-तीन महिने नीट घेतल्याशिवाय या औषधाबद्दल मत बनवू नये. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत पोरांबरोबर मनसोक्त फिरले, तेवढे दिवे आणि भोंगे असूनही डोकं शांत, तेव्हा मला खरं वाटलं. आता दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेत, आणि निम्मे होणं हे डॉक्टरांच्या लेखीही चांगलं यश असतं. त्रास म्हणाल तर हातपाय गार पडतात, जिना चढताना दम लागतो. माझ्या नणंदेला अर्धशिशी उठू नये म्हणून फ्लुनारिझिन ही दुसरी गोळी दिली होती. तिला झोप यायची, वजनही वाढलं.

दुसरी रिझाट्रिप्टन, दुखणं उठल्यावर घ्यायची. ठणका सुरू होताच घेतली तर उतरते, डोकं पूर्ण चढल्यावर घेतली तर अर्धवटच. जिभेवर विरघळणारी मिळते. त्यानं गुण लवकर येतो असं नाही, पण उमासे येत असताना पाणी प्यावं लागत नाही, हे केवढं सुख! एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा: प्रोप्रॅनोलॉलमुळे रिझाट्रिप्टनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून मला 10 ऐवजी 5 मिलिग्रॅमची दिली. मेडिकलमधून परस्पर घेणाऱ्याला हे कोण सांगणार? हृदयविकार असेल तर ट्रिप्टन, म्हणजे रिझाट्रिप्टनच्या गटातल्या गोळ्या, चालतच नाहीत.

गोळी घेतली की कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारते. ट्रिप्टन महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

पावसाळ्यात प्रोप्रॅनोलॉल थोडी थोडी कमी करून बघायचं ठरलंय. एकदम बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.