घट्ट स्मूदी बोल घरी करायचा तर मिक्सर की फूड प्रोसेसर?

मिक्सर घरात आहेच, मग एका बोलसाठी अजून एक मशीन काहून घ्यायचं, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो बरोबर आहे तुमचं, कदाचित घ्यायची गरजच नाही. तुम्हाला किती घट्ट पाहिजे आणि घरात खाणारे किती, यावर सगळं आहे. स्ट्रॉने ओढता येतं ते मी धरतच नाही, तो शेक झाला. मी बोलून राहिलो ते गोठलेली फळं फिरवून वाटीत घेतलेलं, चमच्याने खायचं, वरून टाकलेले बदामाचे काप वरच राहिले पाहिजे, खाली गेले की संपलं. एवढं घट्ट नको असेल तर घरचा साडेसातशे वॅटचा मिक्सर झकास आहे, अर्धा कप दूध टाका, फिरवा, प्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

हा प्रकार मूळचा ब्राझीलचा. तिकडे असाई नावाच्या पामच्या झाडाला लागणाऱ्या जांभळ्या बारीक फळांचा गर गोठवतात, फिरवतात आणि वाटीत देतात. आपल्याकडे त्याची पावडर ऑनलाइन मिळते पण भाव बघून मी टॅब बंद केला. आपलं केळं आहे नं. गोठलेलं पिकलं केळं फिरवलं की दुधाचा थेंब न टाकता क्रीमसारखं होतं, बाकीची फळं फक्त रंग आणि चव देतात. अर्धं केळं आणि अर्धं दुसरं काहीही, हे माप धरलं की सहसा बिघडत नाही.

आता मिक्सर. आपल्या मिक्सरचं पातं फास्ट फिरतं आणि जार असतो उभा, अरुंद. त्यात चटणी, वाटण, ताक मस्त होतं काहून की ओलं असतं, भोवरा तयार होतो आणि वरचं खाली ओढलं जातं. गोठलेल्या फळाला हा भोवराच मिळत नाही. पहिल्या काही सेकंदांत खालच्या तुकड्यांचा भुगा होतो, तो भिंतीला चिकटतो, वरचे तुकडे एकमेकांत अडकून कमान धरतात आणि मधे पोकळी होते. पातं मग त्या पोकळीत नुसतं हवेत फिरत राहतं. आवाजावरूनच कळतं, आधी घरघर असते आणि मग एकदम मोकळा सूं आवाज.

माझा निर्णय या पोकळीने केला, बाकी सगळी कारणं नंतरची. बंद करा, नॉब शून्यावर आणा, जार काढा, झाकण काढा, चमच्याने खाली दाबा, झाकण लावा, जार बसवा, पुन्हा चालू करा, तीन सेकंदांनी पुन्हा सूं. डिसेंबरात हे चालून जातं, तेव्हा नागपुरात स्वयंपाकघर थंड असतं आणि घाई नसते. पण बोल खायची इच्छा होते मे महिन्यात, बाहेर पारा ४५ ला टेकलेला, कूलर हॉलमध्ये, ओट्यापाशी त्याची हवा येत नाही. तुम्ही झाकण उघडझाप करून राहिले तोवर भिंतीला चिकटलेलं पाणी होऊन खाली येतं आणि मधले तुकडे मात्र गोटे ते गोटेच. शेवटी माणूस कंटाळतो आणि दूध ओततो. दूध पडलं की भोवरा लगेच बनतो, दहा सेकंदांत सगळं एकजीव, आणि हातात येतो शेक. कितीही ठरवून बसलं की आज दूध टाकायचं नाही, ते टाकलंच जातं. दोष मिक्सरचा नाही म्हणा, तो या कामासाठी बनलाच नाही.

मोटरचंही बघावं लागतं. पातं अडकलेल्या अवस्थेत दामटलं की मिक्सर गरम होऊन बंद पडतो, मग उलटा करून खालचं लाल बटण दाबायचं आणि थंड होईस्तोवर थांबायचं. नॉब उलट्या बाजूला थोडा थोडा फिरवून झटके दिले तर हे कमी होतं. आणि एक बारीक गोष्ट, जी कोणत्याच दुकानात सांगत नाहीत: झाकणाच्या रबराला लसणाचा वास राहतो. आमच्याकडे रविवारी सावजी मसाल्याचं वाटण होतं, सोमवारी त्याच जारमधल्या आंब्याच्या बोलला जो वास येतो तो मुलीला आवडत नाही, मला चालतो.

फूड प्रोसेसरमध्ये उलटं आहे. बाऊल रुंद, पातं तळाशी लांब, वेग कमी, भोवऱ्याची गरजच नाही. तुकडे पात्याखालून निघून परत पात्यावर पडत राहतात. सुरुवातीला खडखडाट असा होतो की शेजारच्यांना वाटावं खिडकीवर गारा पडून राहिल्या, मग तुकड्यांचा रवा होतो, रव्याच्या गुठळ्या होतात, आणि इथं नवीन माणूस घाबरून दूध टाकतो. टाकू नका. अजून एखाद मिनिट फिरू द्या, भिंतीवरचं एकदा खरवडून खाली घ्या, गुठळ्यांचा गोळा होतो आणि मग तो एकाएकी मऊ पडतो. फारच कोरडं वाटलं तर वरच्या नळीतून चमचाभर दही, तेही पंच्यात बांधून पाणी काढलेला चक्का असेल तर उत्तम, काहून की चक्क्याने घट्टपणा जात नाही. मुख्य म्हणजे झाकण उघडून दाबत बसावं लागत नाही.

आता त्याच्या खोडी पण सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. एकट्यासाठी करायचा तर हा निरुपयोगी आहे, एका केळ्याचे तुकडे नुसते भिंतीवर फेकले जातात आणि पातं रिकामं फिरतं. निदान दोन-तीन वाट्यांचा माल पाहिजे. धुवायला बाऊल, झाकण, दांडी, पातं, ढकलायचा दट्ट्या, एवढं सगळं, बायको म्हणते खाल्लं दहा मिनिटं आणि धुतलं पंधरा. ओट्यावर जागा खातो. आणि मलईसारखं तलम म्हणाल तर मिक्सरचं जास्त तलम होतं, प्रोसेसरचं किंचित दाणेदार राहतं. मला ते दाणेदारच आवडतं, पण हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे.

बुलेट टाइप छोट्या ब्लेंडरचं फार बोलत नाही. ग्लास उलटा लावून फिरवायचा, मधे थांबवून वरून चमच्याने दाबायची सोयच नाही, पोकळीचा त्रास तिथं मिक्सरहून जास्त. ऑफिसला जाता जाता प्यायच्या शेकला चांगला. व्हिटामिक्ससारख्या महागड्या ब्लेंडरसोबत झाकणातून घालायचा दांडा येतो, मशीन चालू असतानाच फळं दाबता येतात, म्हणजे या दुखण्यावरचं खरं औषध तेच आहे, पण त्या पैशात आपल्याकडे चांगला फ्रीज येतो, आणि फ्रीझर धड नसेल तर कुठलाच बोल होत नाही.

मशीन कोणतंही असो, फळाने अर्धा फरक पडतो. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या, सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करा, स्टीलच्या ताटात सुट्या पसरून रात्रभर ठेवा, मग पिशवीत भरा. अख्खं केळं गोठवलं तर कुठलंही पातं हात जोडेल. आंब्यात बैगनफल्ली बरा, गर भरपूर आणि रेषा कमी, गावरानी आंबा चोखायलाच ठेवा, त्याच्या रेषा पात्याला गुंडाळल्या जातात. सीताफळाच्या बिया काढताना जीव जातो पण त्याच्या गोठवलेल्या गरापेक्षा मलईदार बोल कशाचाच होत नाही, फ्रीझरमध्येही तो गर फार कडक होत नाही काहून की साखर जास्त असते. टरबूज टाळा, नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, त्याचा बर्फगोळा होतो.

आणि संत्रं. नागपूरचा माणूस संत्र्याशिवाय कसा राहील, २०१४ ला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं फळ, आंबिया बहाराच्या संत्र्यांचे नोव्हेंबर-डिसेंबरला आणि मृग बहाराच्या संत्र्यांचे फेब्रुवारी-मार्चला ढीग लागतात. पण गोठवलेल्या फोडी बोलमध्ये टाकू नका. पाणी जास्त, वरून पापुद्रा, मिक्सरमध्ये त्याचे धागे होतात आणि प्रोसेसरमध्ये चोथा. मी सालीचा फक्त नारिंगी भाग बारीक किसून शेवटी टाकतो, पांढरा भाग आला की कडू होतं. केळ्याच्या बोलमध्ये तेवढ्या किसाने घरभर वास येतो, आणि फोडी बाजूला वाटीत सोलून खायच्या. वरून मी भाजलेला जवस टाकतो, परदेशी बियांच्या नादी लागत नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा.

उन्हाळ्यासाठी एकच वेगळी गोष्ट. परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं की फळं फ्रीझरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, ते इथं मे महिन्यात करू नका, दोन मिनिटं पुष्कळ झाली. उलट बाऊल, पातं आणि खायच्या स्टीलच्या वाट्या आधी फ्रीझरमध्ये टाकून ठेवा. काचेची वाटी ठेवू नका.

मग घ्यायचं काय? एकटे राहत असाल, हॉस्टेल, रूम वगैरे, तर मिक्सरचा चटणीचा छोटा जारच वापरा, कमी मालाला तो मोठ्या जारपेक्षा बरा, थोडं पातळ झालं तर झालं. घरात तीन-चार जण असतील आणि आठवड्यातून दोनदा तरी करणार असाल तर मी प्रोसेसरकडे झुकतो, आणि तोही वेगळा घ्यायला नको, मिक्सरसोबत मोठा बाऊल येणारे कॉम्बो मिळतात, त्यातच कणीक मळून होते आणि कोबीही चिरून होतो, म्हणजे बोलचा शौक सुटला तरी मशीन माळ्यावर जाणार नाही. बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दुकानात गेले की दोन गोष्टी तेवढ्या बघा. बाऊलसोबत स्टीलचं पातं आहे का, काहून की कणकेचं प्लास्टिकचं पातं इथं चालत नाही. आणि झाकणाचं लॉक स्वतःच्या हाताने चार वेळा लावून काढून पाहा, ते लागलं नाही तर मशीन चालूच होत नाही, आणि बहुतेक सगळ्यात आधी तुटतं तेच, तेव्हा सुटं झाकण मिळतं का ते बिल करायच्या आधी विचारून घ्या.