जुनी ऑक्टाव्हिया आरएस की जुनी 330आय? गोव्यात रोज चालवायची असेल तर

घरच्यांना नवी एसयूव्ही हवी असते, आपलं मन मात्र वापरलेल्या जोरदार सेडानवर बसलेलं असतं. गोव्यात अशा माणसाची शोधाशोध फिरून फिरून दोन नावांपाशी येते. एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, दुसरी बीएमडब्ल्यूची जी20 पिढीतली 330आय. बजेट थोडं ताणलं की पहिलीवरून दुसरीवर जाता येतं, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून या दोघी शेजारी उभ्या करून बघू. हौसेची रविवारची गाडी म्हणून नव्हे. सकाळी ऑफिस, दुपारी मुलांची शाळा आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी, अशी रोजची गाडी म्हणून.

आधी आकडे उरकून टाकू. आरएस 230 भारतात 2017 मध्ये आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद, 350 एनएम टॉर्क (ओढ), सहा गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत 24.62 लाख. 330आय एम स्पोर्ट ऑगस्ट 2019 मध्ये 47.90 लाखांना आली. तिचंही इंजिन दोन लिटरचंच, पण 258 एचपी, 400 एनएम, आठ गिअरचा झेडएफ ऑटोमॅटिक आणि ताकद मागच्या चाकांना. शून्य ते शंभरला कंपनीच्या दाव्यानुसार आरएसला 6.8 सेकंद लागतात, 330आयला 5.8.

हा एक सेकंद पणजी ते फोंडा रस्त्यावर कुठे वापरणार, ते मला कुणी दाखवावं. जुनं गोवं सुटलं की बाणस्तारी, मग भोमचा अरुंद पट्टा, पुढे म्हार्दोळ. समोर एक कदंबा बस आणि तिच्यापुढे चिरे भरलेला टिप्पर असला की 230 काय आणि 258 काय. जोर लागतो तो पणजीच्या अटल सेतूवर चढताना, नव्या झुवारी पुलावर, किंवा बेळगावच्या वाटेवर चोर्ल्याच्या घाटात ट्रक दिसला आणि पुढे सरळ तुकडा मोकळा मिळाला तर. तिथे दोन्ही गाड्या पुरून उरतात. तेव्हा वेगावरून निवड करू नका. निवड ठरते रस्ता सोडून गावात वळल्यावर.

शेवटचा एक किलोमीटर

गोव्यातले मोठे रस्ते आता सेडानला साजेसे आहेत. त्रास होतो तो हायवेपासून घरापर्यंतच्या तुकड्यात. डांबराची कड तुटलेली, एका बाजूला उघडं गटार, वळणावर पंचायतीने घातलेला उभट गतिरोधक आणि शेवटी अंगणात चढायचा चिऱ्यांचा उतार. या दोन्ही गाड्या बुटक्या आहेत आणि आरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही खाली बसते. चालक एकटा असेल तर निभावतं. चवथीला मात्र मागे तिघं मोठी माणसं, डिकीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान, गणपतीचं पाट-मखर असं सगळं भरलं की गतिरोधकावर पोटाखालून जो खर्रर्र आवाज येतो, तो ऐकून घरातली सगळी गप्प होतात.

त्यामुळे गाडी पाहायला गेलात की बॉनेटच्या आधी खाली बघा. पुढच्या बंपरची खालची कड, इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर, एक्झॉस्टचा पुढचा भाग. ओरखडे असणारच, ते नसतील तर उलट संशय घ्या की कव्हर नवं का बसवलं. ऑइल संपवर, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यावर, वेल्डिंग किंवा लांबी (पुट्टी) लावलेली दिसली तर चहा पिऊन परत या.

माणसं आणि सामान नेण्यात आरएस सरळ जिंकते. तिची डिकी काचेसकट वर उघडते, 590 लिटर जागा आहे, आणि पोत्यापासून सायकलपर्यंत काहीही आत जातं. 330आयची डिकी 480 लिटर म्हणतात, पण स्टेपनी आतच ठेवलेली असली तर ती बरीच जागा खाते. शिवाय मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमुळे मागच्या सीटपुढे मधोमध उंच उंचवटा. मधे बसणाऱ्याला पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो, आणि मधे बहुतेक वेळा आजीच बसते.

330आयबरोबर रनफ्लॅट टायर येतात. पंक्चर झालं तरी ताशी 80 किलोमीटरच्या आत साधारण 80 किलोमीटर जाता येतं, म्हणजे काणकोणहून मडगावला आरामात. सोय मोठी आहे. पण या टायरची बाजू कडक असते, खड्ड्याचा दणका थेट रिमला जातो, आणि नवा टायर साध्यापेक्षा महाग. आरएसचे टायर साधे, त्यामुळे पर्याय भरपूर. मात्र पातळ बाजूच्या टायरला खड्ड्याच्या धारेने फुगा येतो, तो तिलाही चुकत नाही.

बॉनेटखाली

आरएसमधलं ईए888 इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या कितीतरी गाड्यांत आहे. म्हणून इंजिनाचे भाग मिळतात, आणि ते उघडलेले मेकॅनिकही. त्याची ठरलेली खोड म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं एकत्र घर. ते उष्णतेने वाकतं आणि कूलंट झिरपायला लागतं. हा भाग इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असल्याने वरून दिसत नाही. टॉर्च घ्या आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापाशी बघा. वाळलेल्या कूलंटची गुलाबीसर पापडी दिसली की समजा, पंपाचा खर्च तुमच्या नावावर लागलाय. हा व्यवहार मोडायचा नाही, घासाघीस करायचा मुद्दा आहे.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्स. आरएसची सहा गिअरची डीएसजी ओल्या क्लचची आहे, म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडून चालतो. साध्या ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआयमधली सात गिअरची डीएसजी कोरड्या क्लचची, तिची मेकॅट्रॉनिकची (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटची) दुखणी सगळ्या देशाला माहीत आहेत. लोक दोघींना एकाच मापात मोजतात, ते चूक आहे. ओल्या क्लचवाली बरीच टणक असते, फक्त दर 60,000 किलोमीटरला तिचं ऑइल आणि फिल्टर बदलायला हवा. विकणाऱ्याकडे त्याचं बिल मागा. ‘तसं काही लागत नाही’ असं उत्तर आलं तर तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आरएस घेणारा माणूस मुळात हौशी असतो, आणि हौशी माणसाची गाडी कंपनीने दिली तशी क्वचितच राहते. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, ताकद बरीच वाढवता येते. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत घालतात, पण क्लच आणि टर्बोने जे सोसलं ते सोसलंच. अधिकृत सेवाकेंद्रात गाडी जोडली की छेडछाड झालेल्या इंजिन कंट्रोलरवर टीडी1 अशी खूण निघू शकते. ती तपासून घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलाय का, तेही बघा. वास आणि आवाज दोन्ही सांगतात.

330आयचं बी48 इंजिन आधीच्या पिढीतल्या 328आयच्या एन20पेक्षा फार शहाणं आहे. त्या जुन्या इंजिनाच्या टायमिंग चेनच्या गाईड तुटायच्या, म्हणून ‘बीएमडब्ल्यू स्वस्तात मिळतेय’ म्हणून 2012 ते 2015 मधली 328आय कुणी गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नको म्हणा. बी48ला तपासायचं ते ऑइल फिल्टर हाउसिंगची गळती आणि कूलंटची पातळी. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं असं ऐकाल. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

बीएमडब्ल्यूची एक बाजू जड आहे: कंपनीची सर्व्हिस पॅकेजं आणि वाढीव वॉरंटी गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. 2021-22 ची गाडी असेल आणि पॅकेज शिल्लक असेल तर त्याचे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. आरएस 230 या सगळ्याच्या केव्हाच बाहेर गेलेली आहे. पण पॅकेज संपलेली 330आय घेताना एक हिशेब डोक्यात ठेवा. गाडी अर्ध्या किमतीत मिळाली तरी तिचे सुटे भाग अर्ध्या किमतीत मिळत नाहीत. हेडलाइट फुटला तर तो 47.90 लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो.

पेट्रोलचं दोघींचं सारखंच. दोन्ही इंजिनांना 95 ऑक्टेन मानवतं. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या मानकात ऑक्टेन किमान 95 आहे, म्हणजे त्या बाबतीत अडचण नाही. पण या गाड्या ई20 सर्वत्र येण्याच्या आधीच्या आहेत. मायलेज थोडं घटेल आणि रबरी नळ्या, सील यांच्यावर डोळा ठेवावा लागेल. फार दिवस उभ्या गाडीत टाकी अर्धी ठेवू नका, इथल्या दमट हवेत ते बरं नाही.

पाऊस, खार आणि उंदीर

इथे मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांचा उपयोग संपतो. मिरामार, कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून लवकर गंजते: सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेकच्या पाइपांचे जोड, एसीचा कंडेन्सर. तीच गाडी साखळी-डिचोलीकडे शेडमध्ये राहिली असेल तर किलोमीटर जास्त असूनही खालून स्वच्छ निघते. मालकाला रनिंग विचारण्याआधी गाडी कुठे उभी राहते ते विचारा.

पावसात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. जर्मन गाडीत एक वायर तुटली की डॅशबोर्डवर दिवाळी होते. सनरूफ असलेली गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी गालिच्याखाली जाऊन बसतं. दार उघडल्याबरोबर कुबट वास आला किंवा नवा परफ्यूम जरा जास्तच घमघमला, तर चारी गालिचे हाताने दाबून बघा. विम्यात झिरो डेप्रिसिएशनबरोबर इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाणी ओढून बसलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा येत नाही.

जीए की एमएच?

इथला बाजार छोटा, म्हणून बरेच जण मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावहून गाडी आणतात. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगली आणि चिपळूणच्या गाड्यांकडे जरा जास्त बारकाईने बघायला हवं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा गंजलेला आहे का तेही बघा. गोव्यातल्या गाडीची वेगळी शंका असते: खासगी पाटीवर पर्यटकांना भाड्याने दिली होती का? ड्रायव्हर सीटची कड, स्टिअरिंग आणि पेडलची झीज मीटरशी जुळते का ते पाहिलं की कळतं.

बाहेरची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. फॉर्म 28 ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35, इथला रस्ता कर, हे सगळं धरून मग किंमत ‘स्वस्त’ आहे का ते ठरवा. तिकडचा कर परत मिळवणं शक्य असतं, पण त्या चकरा तुमच्याच.

मग कुठली?

घरात एकच गाडी असेल आणि ती गावातल्या रस्त्याने रोज आत-बाहेर करणार असेल, तर आरएस. न छेडलेली, डीएसजीच्या ऑइलची बिलं असलेली, रंग कुठलाही. तशी मिळाली नाही तर थांबा, रीमॅप केलेली घेऊन समाधान मानू नका. त्यापेक्षा 2020 नंतरची सुपर्ब 2.0 टीएसआय बघा. 190 पीएस म्हणजे 40 ने कमी, पण गिअरबॉक्स ओल्या क्लचचा आणि मागची जागा अशी की आजी खूश. आरएस 245 मोहक आहे, पण ती 2020 मध्ये फक्त 200 आली, तीही थेट आयात. तिचा खास बंपर शोधत बसायची तयारी असेल तरच.

330आय त्याने घ्यावी ज्याच्या घरी दुसरी छोटी गाडी आहे, ज्याचं रोजचं येणं-जाणं पणजी-मडगावसारखं हायवेचं आहे, आणि जो गाडीच्या किमतीखेरीज दोन-तीन लाख वेगळे ठेवू शकतो. स्टिअरिंगचं वजन, गिअरबॉक्सची समज, घाटातलं वळण घेतानाचा समतोल, या सगळ्यात ती आरएसच्या पुढे आहे, यात वाद नाही. चोर्ल्याने बेळगावला महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

आणि हे वेगळे पैसे ठेवणं जमत नसेल, तर दोन्ही सोडा. नवी फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 किंवा स्कोडा स्लाव्हिया 1.5 घ्या. 150 पीएस, अंगणात चढेल एवढी उंच, आणि वॉरंटी. हो, तिच्या डीएसजीचा क्लच कोरडाच आहे, म्हणून मॅन्युअल मिळाली तर ती बघा.

गाडी बघायला शक्यतो जुलैत जा. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा, पावसात अर्धा तास चालवा, एसी लावून पणजीच्या ट्रॅफिकमध्ये थांबत-थांबत न्या. आदल्या दिवशी मालकाला फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. तरी गेल्यावर बॉनेट कोमट लागलं, तर का ते विचारा.