विषय ओळखणारं सॉफ्टवेअर: एक अख्खा खरीप वापरल्यावर

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यात आहे. बियाणं, खत, औषध विकतो, कापूस-सोयाबीन-तूर घेतो आणि सभासदांसाठी मदतीचा एक नंबर चालवतो. जून ते सप्टेंबर दिवसाला शंभरावर फोन येतात, शिवाय व्हॉट्सॲपवरचे आवाजी मेसेज वेगळे. घ्यायला तीन मुली. कोणी काय विचारलं याची नोंद रजिस्टरमध्ये व्हायची, पण सांजेपर्यंत अर्ध्या नोंदींपुढे नुसतं 'इतर' लिहिलेलं असायचं. म्हणून मे महिन्यात संभाषणांचे विषय आपोआप ओळखणारी सेवा घेतली. आता आठ महिने झाले.

काम कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फोनवरचं बोलणं आधी लिखित होतं. मग त्या बोलण्याचे अर्थानुसार आकडे बनतात, आणि जवळजवळच्या आकड्यांचे ढीग पडतात. एक ढीग म्हणजे एक विषय. २००३ सालची एलडीए नावाची जुनी पद्धत कोणते शब्द एकत्र येतात ते मोजून विषय काढायची. नव्या पद्धतीत शब्द वेगळे असले तरी अर्थ जवळचा असेल तर जमतं. जे कुठेच बसत नाही ते एका वेगळ्या ढिगात पडून राहतं.

पहिला महिना वाया गेला, कारण यंत्राला वऱ्हाडी कळत नव्हती. 'पऱ्हाटी (कपाशी) लाल पडून राह्यली' याचं 'मराठी लाल पडून राहिली' झालं. 'डीएपी आली का' आणि 'डीपी जळली' एकाच ढिगात गेले, म्हणजे खताची चौकशी आणि रोहित्राची तक्रार एकत्र. मग आम्ही बसून दोनशेच्या वर शब्दांची यादी केली: वावर, डवरणी, निंदण, पाती, लाल्या, चक्रीभुंगा. ती घातल्यावर फरक पडला. दुसरी अडचण अशी की आपला माणूस एका फोनवर एकच गोष्ट बोलत नाही. खताचा भाव विचारता विचारता पीकविम्यावर येतो, आणि विम्याच्या कामाला मुदत असते. अख्खा फोन एका ढिगात टाकला की विमा खताखाली दबतो. फोनचे तुकडे करून विषय काढायला लागलो तेव्हा हे सुटलं.

रोजच्या कामाला सॉफ्टवेअर चांगलं आहे. कोणत्या गावात खताची ओरड आहे, कुठे बियाणं उगवलं नाही, हे दुपारपर्यंत कळतं आणि गाडी तिकडे वळवता येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण ऑगस्टमध्ये जे झालं ते सांगायलाच हवं. न बसणाऱ्या फोनांचा ढीग मोठा दिसतो म्हणून सेवा देणाऱ्यांनी सुचवलं होतं की ते जवळच्या विषयात ढकलून द्या, अहवाल स्वच्छ दिसेल. जुलैत आम्ही तसं केलंही. फोन घेणाऱ्या एका मुलीनं हट्ट धरून ते बंद करायला लावलं. पंधरा दिवसांनी त्याच ढिगात तिला तीन शेजारच्या गावांतले नऊ मेसेज सापडले. 'ताई, फूल उमलूनच नाई राह्यलं, गुलाबावानी गुंडाळून गेलं.' कोणीही बोंडअळी म्हटलं नव्हतं, कारण बोंडं अजून धरलीच नव्हती. तिचे वडील कापूस करतात, तिला लगेच कळलं: डोमकळी. गुलाबी बोंडअळीची अळी फुलात शिरून पाकळ्या जाळ्यानं बांधते. पुढे बोंडात गेली की बाहेरून दिसत नाही आणि फवाराही पोचत नाही. दुसऱ्या दिवशी त्या गावांत कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) पोचवले, डोमकळ्या तोडून नष्ट करायला सांगितल्या, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच फवारा घ्या असं कळवलं.

दुसरी गोष्ट सांगताना अजून जीव घाबरतो. सप्टेंबरमध्ये एका रात्री मेसेज आला: 'भाऊ, फवारा मारून आलो, डोये चुरचुरून राह्यले, मयमय होते. औषध डुप्लिकेट त नसन?' डोये म्हणजे डोळे, मयमय म्हणजे मळमळ. शेवटचं वाक्य धरून सॉफ्टवेअरनं तो 'औषधाची गुणवत्ता' या विषयात टाकला. त्याला उत्तर द्यायची मुदत दोन दिवसांची. आम्ही सकाळी दहाला ऐकला. त्याच्या भावानं त्याला रात्रीच दवाखान्यात नेलं होतं म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी घरी आला. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते ज्यानं पाहिलंय तो असा मेसेज गुणवत्तेत टाकणार नाही.

त्या दिवसापासून चक्कर, मयमय, ओकारी, डोये, धूसर हे शब्द ढिगात जातच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे, आणि मेसेज येताच तीन मोबाईल वाजतात. शेतकऱ्याला तेव्हाच आवाजी उत्तर जातं: कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली लेबलासकट घेऊन दवाखाना गाठा. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. ही सेवा घेणाऱ्यांनी विषयांची यादी बघण्याआधी हे करावं. ढीग कशाचा मोठा आहे हे सॉफ्टवेअर सांगतं, पण एकट्या मेसेजचा जीव किती मोठा आहे ते त्याला दिसत नाही.

वर्गणी पुढच्या खरिपासाठी भरली आहे. न बसणारा ढीग दर शनिवारी दोघी जणी मिळून पूर्ण ऐकतात, साधारण दीड तास लागतो. या शनिवारी सहा मेसेज निघाले, सगळे हरभऱ्याचे, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, 'हरभऱ्यानं मान टाकली'. सोमवारी त्या वावरांत जाऊन झाडं उपटणार आहोत. खोड उभं चिरून पाहायचं, आत काळपट रेघ निघाली तर मर रोग.