दार आधी, पडदा नंतर: होम थिएटरच्या खोलीसाठी दार आणि मांडणी निवडताना

बारा बाय सोळाची खोली, दहा फूट उंची, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. संभाजीनगर असो, लातूर असो की परभणी, ३० बाय ४० च्या प्लॉटवर घर बांधताना थिएटरसाठी फार तर एवढी खोली निघते. प्रोजेक्टर कोणता, स्पीकर कोणते यावर महिनाभर खल होतो. दार मात्र बाकीच्या खोल्यांच्या दारांबरोबर सुतार लावून मोकळा होतो. पुढं पडदा कुठं, खुर्च्या कुठं, बाजूचे स्पीकर कुठं हे सगळं त्या दारामुळं ठरून गेलेलं असतं. म्हणून तुलना दाराच्या जागेपासून सुरू करू, आणि उदाहरणाला शेवटपर्यंत हीच खोली धरू.

दार कुठं: पुढं, मागं की बाजूला

पडद्याच्या शेजारचं दार सगळ्यात वाईट. कुणी पाणी आणायला उठलं की पडद्यासमोरून जाणार आणि बाहेरचा उजेड थेट बघणाऱ्यांच्या डोळ्यात येणार. शिवाय १२ फुटी भिंतीवर १०० इंची पडदा सव्वासात फूट जागा घेतो. उरलेल्या दोन्ही बाजूंच्या साधारण सव्वादोन-अडीच फुटांत डावा-उजवा स्पीकर बसवायचा असतो. तिथं तीन फुटी दार मावतच नाही.

मागच्या भिंतीतलं दार लोकांना आवडतं, कारण सिनेमागृहात शिरल्यासारखं वाटतं. पण ते उघडलं की उजेडाचा पट्टा सरळ पडद्यावर पडतो आणि चित्र धुऊन निघतं. दाराबाहेर अंधारा पॅसेज असेल तर चालेल. बाहेर हॉल असेल आणि हॉलमध्ये ट्यूबलाइट असेल, तर नको.

बाजूच्या भिंतीच्या मध्यावरचं दार दिसायला निरुपद्रवी, पण बाजूचे स्पीकर तिथंच लागतात. डॉल्बीच्या ५.१ मांडणीत (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) ते श्रोत्याच्या समोरच्या दिशेपासून मोजून ९० ते ११० अंशांत असावे लागतात, म्हणजे कानाच्या रेषेत किंवा जरासे मागं. दार मधे आलं की एक स्पीकर पुढं सरकतो, दुसरा जागेवर राहतो आणि मागून जाणारा आवाज एका बाजूला अडखळतो.

राहिली बाजूच्या भिंतीची मागची टोकाची जागा. आमच्या मते एका रांगेच्या खोलीत हीच घ्यावी. टेपनं मोजून बघा. पडद्यापासून ११ फुटांवर कान धरला तर रिक्लायनरची पाठ पूर्ण टेकल्यावर साडेबारा फुटांपर्यंत जाते. मागच्या भिंतीपर्यंत साडेतीन फूट उरतात. त्यात तीन फुटी दार चौकटीसकट बसतं, आणि बाजूचा स्पीकर साडेअकरा ते बारा फुटांच्या दरम्यान निवांत लागतो. बिजागऱ्या मागच्या कोपऱ्याच्या बाजूला घ्या, म्हणजे आत उघडलेलं दार मागच्या भिंतीला चिकटून उभं राहील. बाहेर उघडायचं असेल तर ते जिन्याच्या पायरीवर उघडत नाही ना, एवढं बघा.

लांबीत मांडायचं की रुंदीत

लांबीत, म्हणजे पडदा १२ फुटी भिंतीवर. ११ फुटांवरून १०० इंची पडदा साधारण ३६ अंशांत दिसतो. सिनेमासाठी हा कोन चांगला. दहा फुटांवर तो ४० अंश होतो, साडेतेरावर ३०. पडद्याच्या मध्यापासून पावणेपाच फुटांवर आणि भिंतीपासून फूटभर पुढं ठेवलेले डावे-उजवे स्पीकर कानाशी पंचवीसेक अंशांचा कोन करतात. डॉल्बी २२ ते ३० अंश सांगते, त्यात हे बसतं. पाठीमागं पाच फूट मोकळे राहतात, त्यामुळं खर्जाचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून कानाशी घुमत नाही.

रुंदीत, म्हणजे पडदा १६ फुटी भिंतीवर. मग खोली फक्त बारा फूट खोल राहते. कान साडेनऊ फुटांवर ठेवला तरी मागं अडीचच फूट. एवढ्या अंतरावर ३६ अंशांसाठी ८५ इंच पुरतो, म्हणजे प्रोजेक्टरची गरजच नाही, मोठा टीव्ही भागवतो. एका ओळीत चार-पाच जण बसतात, दिवसाही चित्र दिसतं. घरात क्रिकेट जास्त आणि सिनेमा कमी असेल तर रुंदीची मांडणी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सिनेमासाठी मात्र लांबीचीच.

बारा बाय बाराची चौरस खोली हाती असेल तर आधीच सावध व्हा. खोलीची लांबी खर्जाच्या काही ठरावीक सुरांना उचलून धरते. १२ फुटांना साधारण ४७ हर्ट्झ, १६ ला ३५, दहा फूट उंचीला ५६. माप वेगवेगळं असेल तर हे घुमणं विखुरतं. चौरस खोलीत लांबी-रुंदी दोन्ही ४७ वरच जोर देतात आणि ढोलाची एकच थाप सगळीकडं ऐकू येते. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवली तर उलट होतं, तिथं काही खर्ज गायबच होतो.

दोन रांगांचा मोह सोळा फुटांत आवरावा. पहिली रांग आठ फुटांवर येते, तिथून १०० इंची पडदा ४९ अंश होतो आणि मान दुखते. दुसरी रांग मागच्या भिंतीला टेकते. दोन रांगांना वीस फूट तरी हवेत. आणि दुसऱ्या रांगेखालचा चौथरा लोक सहा-आठ इंच करतात, तो पुरत नाही. पडद्याची खालची कड जमिनीपासून २८ इंचांवर, पहिली रांग दहा फुटांवर, दुसरी सोळावर असं धरलं तर पुढच्याच्या डोक्यावरून पडद्याची कड दिसायला चौथरा १५ इंचांच्या आसपास लागतो. म्हणजे दोन पायऱ्या आल्या. दार मागच्या टोकाला आणि चौथराही मागं, ही जोडी जमत नाही. अंधारात आत पाऊल टाकणारा पहिल्याच पावलाला ठेचाळतो. दोन रांगाच करायच्या असतील तर दार चौथऱ्याच्या पुढं, बाजूच्या भिंतीत घ्या आणि बाजूच्या स्पीकरसाठी तडजोड करा.

दार कसलं

आधी आकडा बघा, मग लाकूड. दोन्हीकडून प्लास्टर केलेली नऊ इंची भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते. सोळा बाय दहाच्या भिंतीत सात बाय तीनचं दार म्हणजे क्षेत्रफळाचा जेमतेम १३ टक्के भाग. पण ते दार २० डेसिबलचं असेल तर दारासकट अख्खी भिंत २९ वर येते. ३० चं लावलं तर ३८. भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवून हा फरक भरून निघत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेर जाणारा आवाज तो अडवत नाही.

बाजारातलं तयार नक्षीचं पोकळ दार बेडरूमला ठीक. आत कागदाची जाळी असते. त्याला वीसच्या पुढं नेता येत नाही, कितीही रबर लावा.

३५ मिलीमीटरचं भरीव फ्लश दार हा बहुतेक घरांसाठी खरा पर्याय. सात बाय तीनचं वजन ३५ ते ४० किलो भरायला हवं. दुकानात एकट्याला सहज उचलून फिरवता आलं तर आत भरीव काही नाही. कुलपाची खाच पाडलेला नमुना मागा आणि कडेची आतली पट्टी बघा. नीट सील केलं तर हे दार २८-३० पर्यंत जातं. सनमायका दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूनं लावलेलं दार आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात धनुष्यासारखं वाकतं आणि वरचा कोपरा चौकटीपासून सुटतो.

त्यावर १८ मिलीमीटर प्लाय चढवून ५८-६० किलोचं दार करण्याचा सल्ला बरेच सुतार देतात. फायदा मिळतो तीन-चार डेसिबलचा. वजन दुप्पट झालं तर पाच-सहा डेसिबल वाढतात, इथं दीडपटीच्या जरा वर जातंय. त्यासाठी चौकट ५ बाय ३ ची, खाच ५५ मिलीमीटरची आणि पाच इंची चार बिजागऱ्या लागतात. खर्चाच्या मानानं हा सौदा मधलाच.

तेवढ्याच खर्चात, किंवा जरा जास्त घालून, दोन दारांची जोडी बघा. नऊ इंची भिंत इथं कामाला येते. भिंतीच्या आतल्या कडेला एक दार आत उघडणारं, बाहेरच्या कडेला दुसरं बाहेर उघडणारं, मधे पाच-सहा इंचांची पोकळी. हॉटेलात जोडलेल्या दोन खोल्यांमधे असंच असतं. दोन्ही चौकटी वेगळ्या ठेवा, एकमेकींना खिळू नका. मधल्या पोकळीच्या अंगाला बाहेर आलेली मूठ नको, खाचेतली घ्या, नाहीतर मुठी एकमेकींवर आपटतात. ४० च्या पुढं जायचं असेल तर मार्ग हाच. भिंतीपलीकडं आजी-आजोबांची खोली असेल तर विचार करू नका, करूनच टाका.

जुन्या वाड्यातून काढलेलं सागवानी दार थिएटरला लावायची हौस अनेकांना असते. दिसतं देखणं. पण पॅनलच्या मधल्या फळ्या पातळ असतात, खोबणीत त्या सैल होतात आणि खर्ज वाजला की दार स्वतःच बोलायला लागतं. दोन झडपांचं असेल तर मधली फट वेगळीच. ते दिवाणखान्यात शोभेल. सरकतं दार तर थिएटरला नकोच. सरकायला जागा ठेवली की चारही बाजूंनी फट आलीच.

लोखंडी फायर डोअर साधारण ४६ मिलीमीटरचं, जड, न वाकणारं, वाळवी न लागणारं. गच्चीकडं उघडणाऱ्या खोलीत त्याचा विचार होऊ शकतो. दोन गोष्टी तपासा. पोकळ चौकटीत सिमेंटचा माल ठासून भरलाय का. आणि कडेला जी पट्टी असते ती आग लागल्यावर फुगणारी असते, रोजच्या आवाजाला ती अडवत नाही. आवाजाचं रबर वेगळं लावावं लागतं.

पैसे फटीवर घाला

दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्का. एवढ्यानंच अख्खं दार २३ डेसिबलच्या पुढं जाऊ शकत नाही, मग ते सागवानाचं असो की शिशाचं. म्हणून उंबरा लागतोच. १२ मिलीमीटर उंच ग्रॅनाइटची चार इंची पट्टी बसवा आणि दाराची खालची कड रबरासकट तिला टेकू द्या. उंबरा नको असेल तर दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते. पण जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर ती पट्टी उंचसखल फरशीवर पूर्ण बसत नाही, खाली सपाट ग्रॅनाइट टाकावाच लागतो.

बाकी तीन बाजूंना ईपीडीएम रबर, खोबणीत बसणारं किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीत स्क्रूनं आवळलेलं. चिकटपट्टीचा फोम वर्षभरात दबून चपटा होतो. क्रम महत्त्वाचा: आधी दार लटकवा, ओळंब्यात आणा, सनमायका-पॉलिश उरका, कुलूप बसवा, आणि मग रबर. साधी कडी दाराला रबरावर ओढून धरत नाही. मॉर्टाइज लॉकची चौकटीतली पट्टी दोनेक मिलीमीटर सरकवून घट्ट करून घ्या. आरपार किल्लीचं भोक नको.

सगळ्यात मोठी चोरी चौकटीच्या मागं असते. गवंडी चौकट आणि विटांमधल्या जागेत विटांचे तुकडे सारतो आणि वरून प्लास्टर ओढतो. आत पोकळच राहतं. चौकट बसवताना समोर उभं राहून ती जागा सिमेंट-वाळूच्या १:४ मालानं पूर्ण भरून घ्या. नंतर प्लास्टर आणि चौकटीच्या सांध्यात सिलंट भरा.

काळ्या जमिनीवरच्या घराला आणखी एक अडचण. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया जरासा हलला की चौकट गुण्यातून जाते. दार एका कोपऱ्यात घासायला लागतं, समोरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडते. नव्या घराचा एक पावसाळा होऊ द्या, मगच महागडं दार बसवा. तळघरात थिएटर काढायचा विचार असेल तर याच मातीतून पाणी झिरपतं. वॉटरप्रूफिंगचा खर्च धरल्याशिवाय तो विचार करू नका.

जुन्या भिंतीत नवीन दार पाडायचं असेल तर भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी सोडा आणि लिंटेलचा पट्टा कापू नका. लातूर-धाराशिवकडच्यांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदं कोसळली होती. तशा भिंतीत दार पाडायचंच नाही, दुसरी खोली निवडा. आणि मागच्या टोकाचं दार कोपऱ्यापासून दोन फुटांवर जात असेल तर खुर्च्या पुढं घ्या, पडदा ९० इंचांचा करा.

दाराआधी एकदा खिडकीकडं बघा. एकेरी काचेची सरकती खिडकी तशीच ठेवून दोन दारं लावणं म्हणजे फुटक्या माठाला झाकण. ती विटांनी बुजवा किंवा आतून दुसरी भरीव झडप लावा. पश्चिमेची असेल तर बुजवलेलीच बरी, मे महिन्यातलं ऊनही थांबेल. मात्र सगळं बंद केलं की हवा कोंडते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. चौघं अडीच तास बसले तर डोकं जड होतं. सहा इंची एक्झॉस्ट आणि हवा आत यायला वेगळी वाट, दोन्ही आतून रॉकवूल लावलेल्या नागमोडी डक्टमधून काढा. सरळ भोक पाडलं तर आवाज त्यातूनच जातो.

काम झाल्यावर रात्री खोलीत अंधार करा आणि बाहेरून दाराच्या कडेनं टॉर्च फिरवा. आत जिथं उजेडाची रेघ दिसेल, तिथून आवाज जाणार. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून लावा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडखळत निघाली पाहिजे. सर्रकन निघाली तर तिथलं रबर दाबात नाही. हीच पट्टी एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये पुन्हा फिरवा, कारण लाकूड दोन्ही वेळेला सारखं नसतं.