आधी चार्जर, बॅटरी की जॅक? चार्ज न होणाऱ्या जुन्या लॅपटॉपचा हिशोब

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा. चार्जर लावलाय, दिवाही लागलाय, पण आकडा काही हलत नाही. 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' एवढंच दिसतंय. मी अशा वेळी तडक नवी बॅटरी मागवली होती. ती बसवली तरी तीच पाटी. दोष निघाला चार्जरच्या वायरीत, पिनेच्या अगदी तोंडाशी.

म्हणून आधी चार्जर तपासा. डेलच्या १९.५ व्होल्टच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज जात नाही, 'मी इतक्या वॅटचा चार्जर आहे' ही ओळख जाते. ती वायर तुटली तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि वेगही मंदावतो. फसगत इथेच होते, कारण चार्जर बिघडलाय असं वाटतच नाही. सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, पाहा. अडॅप्टरपुढे 'अननोन' असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका. कुणाचा तरी त्याच कंपनीचा चार्जर मागून लावून बघा. व्होल्ट तेवढेच हवेत. वॅट जास्त चालतील, म्हणजे ६५ च्या जागी ९०, कमी नकोत.

दुसऱ्या चार्जरनेही 'अननोन'च आलं, तर संशय जॅकवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या ज्या भोकात पिन जाते त्यावर. पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं, हीसुद्धा त्याचीच खूण. बऱ्याच मॉडेलांत जॅक छोट्या वायरीसकट सुटा मिळतो, आणि मग काम स्वस्तात होतं. तो बोर्डावर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असेल तर मजुरी विचारून मगच हो म्हणा.

चार्जर ओळखला जातोय, तरी तो काढताक्षणी लॅपटॉप बंद पडतो? मग बॅटरीच. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता उरलेली) शेजारी ठेवून वाचा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० सायकलींनंतर (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्यांनंतर) उतरणीला लागते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली गेला असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा नको. (चार्जिंग रोज ६० किंवा ८० टक्क्यांवरच अडत असेल तर तो बिघाड नाही. लेनोवोच्या कन्झर्व्हेशन मोडसारखी बॅटरी जपणारी सोय चालू असते, ती बंद करा.)

आता बॅटरी कंपनीची घ्यायची की कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याने बनवलेली पण त्याच मॉडेलला बसणारी? नव्या मशीनसाठी मी बिनदिक्कत कंपनीची म्हणेन. जुन्या मॉडेलचा मात्र कंपनीचा मालही वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेला असू शकतो, आणि लिथियम सेल न वापरताही म्हातारे होतात. उत्पादनाची तारीख विचारा. कंपॅटिबल स्वस्त असते, पण आतले सेल कसले आहेत ते बाहेरून कळत नाही. काही लॅपटॉप तिला ओळखायलाच नकार देतात. दुकानदार समोर लावून दाखवत असेल आणि वॉरंटी लिहून देत असेल, तर जुन्या मशीनला मी तीच घेईन.

लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल, तर बॅटरी न घेणं हाही पर्याय आहे. वीज गेली की काम गेलं, एवढं सोसायची तयारी हवी. मात्र जुने मॅकबुक बॅटरी काढली की वेग उतरवतात. तिथे हा मार्ग नको.

टचपॅड वर उचलला गेलाय किंवा तळ फुगलाय, तर यातलं काहीच ताडून बघू नका. चार्जर काढा, बंद करा, फुगलेली बॅटरी दाबू-टोचू नका आणि ती ई-कचऱ्यात द्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाताना लॅपटॉप, चार्जर आणि शक्य असेल तर जुनी बॅटरी, तिन्ही पिशवीत घ्या. लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागतात. बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट एकमेकांच्या जागी चालतात, १४.८ चालत नाही.