आठ महिने लिनक्स मिंट २२: आवाज जातो कुठं?

परभणीत आमच्या घरी जुना, असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून आठ महिने झाले. वेग, अपडेट, मराठी टायपिंग, सगळं झकास. छळलं ते आवाजानं.

पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा माय कीर्तन ऐकत बसली होती. लाईट गेली, आली, मशीन सुरू केलं तर चित्र चालू अन् आवाज गायब. “स्पीकर जळाला का रे?” मायनं विचारलं. दुकानदार म्हणाला, साउंड कार्ड गेलं, नवं घ्या. मी आधी स्पीकरची पिन मोबाईलला लावली, तर खणखणीत वाजला. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एप्ले -एल’ (aplay -l) कमांड दिली; ती साउंड कार्डांची यादी दाखवते. यादीत एएलसी ८८७ ॲनालॉग, म्हणजे आमची साउंड चिप, होतं, म्हणजे कार्ड जिवंत होतं. आवाज एचडीएमआय केबलनं मॉनिटरकडं चालला होता, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाही! पावूकंट्रोल (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये प्रोफाइल ‘ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’ केलं आणि काम झालं.

दुसऱ्या वेळी मात्र दोन दिवस गेले. पुढच्या जॅकचा हेडफोन वाजायचा, मागच्या जॅकला लावलेला स्पीकर मुका. नेटवरचे बरेच जुने उपाय पल्सऑडिओ या आवाज सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेले आहेत. मिंट २२ मध्ये त्याच्या जागी पाइपवायर आहे, त्यामुळे त्यातले सगळेच इथं लागू पडत नाहीत. पाइपवायर रीस्टार्ट करूनही फरक पडला नाही. शेवटी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. तिथं सुरुवातीला एकच पट्टी दिसते. एफ ६ दाबून खरं कार्ड निवडलं की सगळ्या पट्ट्या दिसतात. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर ती बंद, एम दाबला की चालू. माझ्याकडं सगळ्या चालूच होत्या. दोष निघाला ‘ऑटो-म्यूट मोड’मध्ये. पुढचा जॅक झिजलेला, त्यामुळे हेडफोन काढला तरी कार्डाला तो लावलेलाच वाटायचा आणि ते स्पीकर बंद ठेवायचं. तो पर्याय ‘डिसेबल्ड’ केला, ‘सुडो अल्साक्टल स्टोअर’ (sudo alsactl store) कमांडनं सेटिंग जपलं. एवढ्यासाठी सिस्टीम पुन्हा टाकायची अजिबात गरज नाही, हे कळकळीनं सांगतो.

एक बारीक दुखणं उरलं होतं. थोडा वेळ शांतता गेली की पुढचा पहिला अक्षरभर आवाज गिळला जायचा. ‘रामकृष्णहरी’तला ‘रा’च ऐकू यायचा नाही. वीज वाचवायला साउंड चिप झोपते, म्हणून तसं होत होतं. साउंड चिप चालवणाऱ्या एसएनडी एचडीए इंटेल (snd_hda_intel) मॉड्यूलचं पॉवर सेव्ह (power_save) सेटिंग शून्य केलं. तेव्हापासून मायला ‘रा’ पूर्ण ऐकू येतो.