जर्मनी की दुबई: कामासाठी जाताना काय तोलावे

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंग किंवा आयटीआय झालेल्या तरुणांपुढे आखाताच्या जुन्या वाटेशेजारी जर्मनीची वाटही दिसू लागली आहे. बहुतेक जण दोन्हीकडचे पगार रुपयांत मांडून निर्णय घेतात. तेवढ्याने भागत नाही.

दुबईत कमाई पहिल्या महिन्यापासून हाती राहते. पगारावर आयकर नाही, हिंदी-इंग्रजीवर काम निभावते, सणासुदीला आपली माणसे भेटतात आणि रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी तिकडे आधीच राबून आलेले असते. मात्र हे रुळणे आपल्याच माणसांतले असते. निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असल्याने ती सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी लागते, नाहीतर परतावे लागते. वीस वर्षे काढली तरी सामान्य कामगाराला नागरिकत्वाची वाट नाही. निघताना मिळते ती ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, त्यापुढे ३० दिवसांचे.

जर्मनीने १९६१ पासून तुर्की कामगार आणले, तेव्हा ते परत जाणारच असे धरून त्यांना भाषा शिकवण्याकडे दुर्लक्ष केले. २००५ पासून स्थलांतरितांसाठी सुरू झालेल्या एकात्मता वर्गांत, ज्यांत साधारणपणे ६०० तास भाषेचे असतात, मला त्या दुर्लक्षाची उशिरा झालेली दुरुस्ती दिसते. परिचारिकेला बहुधा बी-२ पातळीची (युरोपीय मोजपट्टीवरील सहापैकी चौथी) जर्मन लागते आणि पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. परीक्षा उत्तीर्ण झाली, तरी तिथल्या स्वाबियन बोलीत कण्हणाऱ्या आजोबांचे म्हणणे समजून घेऊन पाळी बदलताना ते जर्मनमध्ये सांगणे सुरुवातीला फार जड जाते. कर आणि विम्यापोटी एकट्या माणसाच्या पगाराचा साधारण तिसरा हिस्सा कापला जातो. पण त्यातूनच निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता यांचा हक्क तयार होतो. मान्यताप्राप्त कुशल कामगाराला भाषेची व इतर अटी पुऱ्या केल्यास तीन वर्षांनी कायम निवासाचा आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. अर्थात नागरिकत्व घेताना भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

घराचे कर्ज फेडून पाच-सात वर्षांत परतायचे असेल, तर माझ्या मते दुबईच बरी. कुटुंबासह स्थायिक व्हायचे असेल, तर जर्मनीसाठी आधीची दोन वर्षे भाषेत घालवणे परवडते. मुलांचे वय मात्र पाहावे: दुबईत ती सीबीएसईच्या शाळेत जाऊ शकतात, तर बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतरच विद्यापीठाकडे आणि व्यवसायाकडे नेणाऱ्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, त्यामुळे भाषा न येता अकराव्या वर्षी तिथे पोचलेल्या मुलाची ही पहिली निवड हुकलेली असते.